एका संगणकात चार संगणक : सिस्टिम सांभाळण्याचा हुनर घरबसल्या कसा शिकावा

कापडाच्या व्यापारात कागदाची चोपडी आता जवळजवळ राहिलेली नाही. रोजमेळ, खातेवही, गोदामातील थानांचा हिशोब, जीएसटीची विवरणपत्रे हे सगळे संगणकात असते. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा म्हटले की ई-वे बिल आले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या पेढीला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे केलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. संगणक बंद पडला तर टेम्पो गोदामाच्या दारात उभा राहतो आणि ड्रायव्हर चहा पीत बसतो, अशी आजची स्थिती आहे.

असे असूनही संगणक कोण सांभाळतो, असे कोणत्याही गाळ्यावर विचारावे. उत्तर एकच मिळते : "एक मुलगा येतो." हा मुलगा दहा-पंधरा पेढ्या सांभाळतो, पासवर्ड त्याच्याजवळ असतात, बॅकअप तो घेतो की नाही हे मालकाला माहीत नसते. तो दुबईला गेला किंवा त्याने फोन उचलला नाही, तर पेढीचे कुलूप उघडायला किल्ली नाही. आमच्या ओळखीच्या एका पेढीत रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप होत असे. पडद्यावर "झाले" असा संदेशही येत असे. एके दिवशी डिस्क गेली, पेनड्राइव्ह उघडला, तर आत फाइली होत्या, पण त्यांचा आकार शून्य होता. सात महिन्यांची उधारी दलालांच्या डायऱ्यांवरून आणि पार्ट्यांच्या इमानावर पुन्हा लिहून काढावी लागली. सगळ्यांचे इमान सारखे नसते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

म्हणून आमच्या तरुणांनी, विशेषतः बी.कॉम. किंवा आय.टी.आय. करून घरी बसलेल्यांनी, हे काम रीतसर शिकावे असे आम्हाला वाटते. त्याला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात. नाव मोठे आहे, काम समजायला सोपे आहे. मागाच्या कारखान्यात माग चालवणारा वेगळा आणि जॉबर वेगळा असतो. माग चालवणारा कापड विणतो. जॉबर कापड विणत नाही. माग कुरकुरला, धोटा अडकला, बीम बदलायचा झाला, की तो येतो. कोणत्या मागावर कोण बसेल, तेल कधी घालायचे, कोणता पार्ट बदलायला आला, हे त्याच्या डोक्यात असते. संगणकावर बिल बनवणारा मुनीम हा माग चालवणारा आणि सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर हा जॉबर.

आता अडचण अशी की जॉबर शिकतो तो मोडका माग उघडून. संगणकात ते शक्य नव्हते. चालू पेढीच्या सर्व्हरवर शिकाऊ मुलाला हात कोण लावू देईल? आणि शिकण्यासाठी तीन-चार संगणक, तारा, स्विच विकत कोण घेऊन देईल? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर व्हर्च्युअल मशीन या सोयीत आहे, आणि त्यासाठी घरातील एक लॅपटॉप पुरतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत एका खिडकीत चालणारा दुसरा संगणक. खऱ्या संगणकाला यजमान म्हणू आणि आतल्याला पाहुणा म्हणू. यजमानाच्या आठ जीबी मेमरीपैकी एक जीबी पाहुण्याला देता येते. पाहुण्याला वाटते की आपल्याला वीस जीबीची हार्डडिस्क आहे. वास्तविक ती यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल असते, आणि तीही जितका माल भरला जाईल तितकीच फुगते. पाहुण्याचे नेटवर्क कार्डही असेच सॉफ्टवेअरने उभे केलेले असते. आतील लिनक्सला किंवा विंडोजला आपण खऱ्या लोखंडावर चाललो आहोत असेच वाटत राहते, आणि म्हणूनच आत जे शिकले जाते ते खऱ्या सर्व्हरवर जसेच्या तसे लागू पडते.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज या गावी आयबीएम कंपनीच्या केंद्रात तिचा जन्म झाला. तेव्हाचा संगणक एका दालनाएवढा आणि अतोनात महाग, म्हणून एकाच यंत्राचे अनेक भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र संगणक असल्याचा भास द्यायचा असा तो हिशोब होता. १९७२ साली आयबीएमने ही सोय व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. आपल्या घरातील साध्या संगणकांवर ती यायला बराच काळ लागला, कारण इंटेलची चिप त्यासाठी बनलेलीच नव्हती. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या युक्तीने ते करून दाखविले. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच त्याची व्यवस्था केली आणि मार्ग मोकळा झाला.

आज ज्याला लोक क्लाउड म्हणतात तेही मुख्यतः हेच आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये अशी मशीने तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांचे केंद्र मुंबईत आले. मायक्रोसॉफ्टची केंद्रे त्याआधी, २०१५ मध्येच, पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू झाली होती. एखाद्या कंपनीचा सर्व्हर "क्लाउडवर" आहे असे कोणी सांगितले, की समजावे, कुठल्यातरी मोठ्या इमारतीत एका जबरदस्त यंत्राच्या पोटात एक पाहुणा संगणक भाड्याने बसलेला आहे. घरी लॅपटॉपवर जो मुलगा हे शिकेल त्याला तिथले काम परके वाटणार नाही.

सामान आणि मांडणी

लॅपटॉप नवा असण्याची गरज नाही. आठ जीबी मेमरी आणि पन्नास-साठ जीबी मोकळी जागा असलेला जुना लॅपटॉप चालेल. चार जीबीवर एकच पाहुणा तोही बिनचित्रांचा चालवता येईल, शिकायला तेवढेही पुरे. एसएसडी डिस्क असेल तर जीव कमी कातावतो. पेढीचा बिलिंगचा संगणक मात्र यासाठी वापरू नये.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स हा ऑरेकल कंपनीचा प्रोग्राम आहे. २००७ मध्ये एका जर्मन कंपनीने तो आणला, पुढे सन आणि मग ऑरेकलकडे तो गेला. मूळ प्रोग्राम मुक्त परवान्याचा आहे. त्याच्यासोबत एक्स्टेन्शन पॅक नावाची जी पुरवणी मिळते तिचा परवाना मात्र वेगळा आहे : स्वतः शिकण्यासाठी फुकट, धंद्याच्या वापरासाठी नाही. आरंभी तिची गरजही पडत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनही २०२४ पासून सर्वांना फुकट झाले आहे. ज्याच्या लॅपटॉपवर आधीच लिनक्स आहे त्याला केव्हीएम मिळते, जे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. नवशिक्याने व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे.

पहिल्याच दिवशी एक खोडा हटकून येतो. व्हर्च्युअलबॉक्स मशीन सुरू करायला नकार देते, किंवा चौसष्ट-बिटचा पर्यायच दाखवीत नाही. कारण चिपमधील ती सोय कारखान्यातून बंद अवस्थेत आलेली असते. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जावे. इंटेलमध्ये तिचे नाव व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असे असते, एएमडीमध्ये एसव्हीएम. ती चालू करून बाहेर यावे. कित्येक मुले येथेच "माझ्या लॅपटॉपवर होत नाही" म्हणून सोडून देतात.

पाहुणा म्हणून काय बसवावे? हिशोबाची सॉफ्टवेअरे आपल्याकडे बहुतांशी विंडोजवर चालतात हे खरे, पण शिकण्याची सुरुवात लिनक्सने करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. लिनक्समध्ये सगळे उघड असते, सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलीत असते, काय बिघडले ते वाचता येते. शिवाय फुकट आहे, चोरीची प्रत घेण्याचा प्रश्नच नाही. १९९३ पासून चालत आलेले डेबियन नावाचे लिनक्स आम्ही सुचवू. त्याची छोटी आयएसओ फाइल एक जीबीच्या आत आहे. एक जीबी मेमरी आणि वीस जीबीची डिस्क देऊन मशीन बनवावे आणि आयएसओ त्याला सीडीसारखी लावावी.

बसवताना एका पडद्यावर काय काय हवे ते विचारले जाते. तेथे डेस्कटॉपच्या खुणा काढून टाकाव्यात आणि फक्त एसएसएच सर्व्हर व नेहमीची साधने ठेवावीत. बसवून झाल्यावर काळ्या पडद्यावर नुसती एक ओळ लुकलुकत राहते. पुष्कळांचे धैर्य येथे खचते. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, इंग्रजीची भीती काय असते ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण हा काळा पडदा इंग्रजी बोलत नाही. तेथे चाळीस-पन्नास छोटे हुकूम आहेत, दोन-तीन अक्षरांचे, आणि ते इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही तितकेच परके असतात. एलएस म्हणजे यादी, सीपी म्हणजे नक्कल, एमव्ही म्हणजे हलविणे. पाढ्यांसारखे पाठ होतात. मॅन हा हुकूम देऊन कोणत्याही हुकुमाची माहिती तेथेच वाचता येते, ती इंग्रजीत आहे, पण तिची भाषा ठराविक आहे आणि महिन्याभरात अंगवळणी पडते.

नमुन्याचे थान राखून ठेवावे

डेबियन बसून पहिल्यांदा नीट सुरू झाले की लगेच स्नॅपशॉट घ्यावा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची मोहोर. त्या क्षणापर्यंतची डिस्क जशी आहे तशी गोठते आणि पुढचे लिखाण वेगळ्या फाइलीत जाते. नंतर काहीही मोडले, अगदी सगळी डिस्क पुसून टाकली, तरी एक बटण दाबून त्या क्षणाला परत येता येते. शिकणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. खऱ्या सर्व्हरवर जे करायला हात थरथरतो ते येथे दहा वेळा करून पाहता येते.

मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की थान आणि नमुना दोन्ही गेले. आणि स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट घेत राहिले तर यजमानाची डिस्क भरते, मग व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्याला मध्येच थांबवून ठेवते. दोन-तीन पुरे, जुने काढून टाकावेत.

आता सराव. आमच्या मते पेढीचेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून सराव केला तर तो डोक्यात राहतो. समजा, पेढीत मालक, मुनीम आणि गोदामाचा मुलगा अशी तीन माणसे आहेत. तिघांची तीन खाती उघडावीत. हिशोबाचे एक फोल्डर करावे. मालकाने लिहावे-वाचावे, मुनिमाने नुसते वाचावे, गोदामवाल्याला ते उघडूच नये, असे करायचे आहे. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १ असे अंक आहेत, आणि प्रत्येक फाइलीला तीन जणांचा हक्क लिहिलेला असतो : धनी, त्याचा गट आणि बाकीची दुनिया. ६४० याचा अर्थ धन्याला वाचणे-लिहिणे, गटाला नुसते वाचणे, दुनियेला काही नाही. फोल्डरच्या बाबतीत "चालविणे" म्हणजे आत शिरणे, हे विसरू नये, म्हणून फोल्डरला ७५० लागते. हक्क लावून थांबू नये. गोदामवाल्याच्या नावाने आत शिरून फाइल उघडायचा प्रयत्न करावा. "परवानगी नाही" असे उत्तर आले म्हणजे काम झाले. आज कितीतरी पेढ्यांत सगळे जण एकाच नावाने, एकाच पासवर्डने काम करतात. चोरी झाली तर कोणी केली हे खुदाला ठाऊक.

लिनक्समध्ये रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो. तो काहीही करू शकतो, सगळे पुसूनही टाकू शकतो. म्हणून रोजचे काम साध्या नावाने करावे आणि जेवढ्यास तेवढा अधिकार सुडो या हुकुमाने घ्यावा. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा ठेवला तर पहिल्या माणसाला सुडोचा हक्क आपोआप मिळतो.

येथेच एक गंमतीचा आणि उपयोगाचा धडा आहे. मशीन सुरू होताना कोणत्या डिस्का कोठे जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते. तिच्यात मुद्दाम एक चुकीची ओळ लिहावी, अस्तित्वातच नसलेल्या डिस्कची, आणि मशीन पुन्हा सुरू करावे. ते दीड मिनिट वाट पाहील आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाईल, जेथे शिरायला रूटचा पासवर्ड लागतो. पण रूटचा पासवर्ड आपण ठेवलाच नव्हता, म्हणून ते आत घेणार नाही. आता काय करणार? ज्याला हे माहीत नाही तो सर्व्हर पुसून नवा बसवतो. जाणकार तीच आयएसओ पुन्हा लावतो, रेस्क्यू हा पर्याय निवडतो, आतली डिस्क जोडून घेतो, ती ओळ काढतो आणि बाहेर येतो. दहा मिनिटांचे काम. हा प्रयोग तीन वेळा केला की सुरू न होणाऱ्या सर्व्हरची भीती निघून जाते.

दुसरा धडा डिस्कचा. मशीनला आठ-आठ जीबीच्या दोन नव्या डिस्का जोडाव्यात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या फुकट आहेत. एमडीॲडम या साधनाने त्या जोडीने बांधाव्यात, म्हणजे एकीवर लिहिलेले दुसरीवरही जाते. याला आरसा म्हणतात, रेडचा पहिला प्रकार. त्यावर काही फाइली ठेवाव्यात. तपासणीच्या फाइलीत दोन "यू" शेजारी शेजारी दिसतात, म्हणजे दोन्ही डिस्का हजर. मग मशीन बंद करून एक डिस्क काढून घ्यावी आणि सुरू करावे. एका "यू"च्या जागी आडवी रेघ दिसेल, पण फाइली शाबूत असतील. आता नवी कोरी डिस्क लावून जोडी पुन्हा बांधावी आणि टक्का टक्का भरत जाताना बघावे. खऱ्या पेढीत हा प्रसंग येतो तेव्हा मालक मागे उभा असतो, पार्टी फोनवर असते, आणि चुकून चांगलीच डिस्क बाहेर काढली जाते. ज्याने घरी हे पाच वेळा केले आहे तो आधी डिस्कचा नंबर वाचील, मग हात घालील.

वीज जाण्याचाही सराव होतो. यंत्रमागाच्या गावांत वीज हा रोजचा विषय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये "पॉवर ऑफ" म्हणजे तार उपटणे. फाइल लिहिली जात असताना तसे करावे आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर काय वाचले ते पाहावे. लिनक्सची फाइल-व्यवस्था आपली वही आधी लिहिते, म्हणून तिचा ढाचा बहुधा सावरतो. अर्धवट लिहिलेली नोंद मात्र अर्धवटच राहते. यूपीएस कशासाठी घ्यायचा ते मग समजावून सांगावे लागत नाही.

चार मशीनांची पेढी

एक मशीन हाताखाली आले की त्याची क्लोन, म्हणजे नक्कल, काढावी. नक्कल काढताना नेटवर्क कार्डाचा पत्ता नवा द्यावा असा पर्याय असतो, तो निवडावा, नाहीतर एकाच पत्त्याची दोन घरे होतात आणि टपाल हरवते. नकलेच्या मशीनचेही नाव बदलावे. आता हिशोबाचे मशीन, फाइलींचे मशीन आणि बॅकअपचे मशीन अशी पेढी उभी राहिली. यजमान लॅपटॉप धरून चार संगणक झाले.

नेटवर्कचे प्रकार येथे समजून घ्यावेत. नॅट या प्रकारात पाहुणा यजमानाच्या आडून इंटरनेटवर जातो, बाहेरचा कोणी त्याच्यापर्यंत येऊ शकत नाही. आत शिरायचे तर यजमानाचा एक दरवाजा, उदाहरणार्थ २२२२ क्रमांकाचा, पाहुण्याच्या २२ क्रमांकाकडे वळवावा लागतो. २२ हा एसएसएचचा दरवाजा. होस्ट-ओन्ली प्रकारात पाहुणे आणि यजमान आपसात बोलतात, बाहेर कोणी जात नाही. इंटर्नल प्रकारात फक्त पाहुणे आपसात. आणि ब्रिज्ड प्रकारात पाहुणा घरातल्या किंवा ऑफिसातल्या खऱ्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणून जाऊन बसतो. यातला शेवटचा प्रकार सांभाळून वापरावा. एखाद्याने शिकण्यासाठी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, उभी केली आणि मशीन ब्रिज्ड ठेवले, तर ते खऱ्या ऑफिसातल्या संगणकांनाही पत्ते वाटू लागते आणि सगळ्यांचे इंटरनेट बंद पडते. अशा प्रयोगांसाठी इंटर्नल.

फाइलींच्या मशीनवर सांबा बसवावे. त्याने लिनक्समधील फोल्डर विंडोजच्या संगणकांना दिसते. व्यापारी पेढीत हे सर्वांत जास्त कामाला येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधील सरकारी इस्पितळेही त्यातून सुटली नाहीत. तो विंडोजच्या याच फाइल-वाटपाच्या जुन्या पद्धतीतील भगदाडातून शिरत होता. मायक्रोसॉफ्टने ते भगदाड बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच, दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते फसले. जॉबरने तेल घातले नाही तर माग बसतो, त्यातलाच हा प्रकार. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुने संगणक चालविणाऱ्या पेढ्यांनी ध्यानात घ्यावे.

बॅकअपच्या मशीनवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. आरसिंक नावाचा हुकूम एका मशीनवरून दुसऱ्यावर फक्त बदललेला भाग नेतो. क्रॉन नावाचा पहारेकरी ठरल्या वेळी, समजा रात्री दीड वाजता, तो चालवतो. येथपर्यंत सगळे शिकवितात. पुढचे तीन मुद्दे फार थोडे सांगतात. पहिला असा की हुबेहूब नक्कल ठेवली तर मूळ फाइल पुसल्यावर रात्री नक्कलही पुसली जाते, म्हणून तारखेनुसार वेगवेगळ्या प्रती ठेवाव्यात. दुसरा असा की बॅकअपच्या मशीनने येऊन माल उचलून न्यावा, हिशोबाच्या मशीनने तो तेथे टाकू नये. हिशोबाच्या मशीनजवळ बॅकअपच्या तिजोरीची किल्लीच नसली, तर त्यात शिरलेल्या खंडणीखोरालाही तेथे जाता येत नाही. तिसरा आणि मोठा मुद्दा : दर आठवड्याला बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून पाहावी, आणि महिन्यातून एकदा हिशोबाचे मशीन पूर्ण पुसून बॅकअपवरून उभे करावे, घड्याळ लावून. किती वेळ लागला तो कागदावर लिहावा. मालक उद्या जे विचारणार आहे, "दुकान कधी सुरू होईल?", त्याचे उत्तर तो आकडा आहे. वर सांगितलेल्या पेढीत शून्य आकाराच्या फाइली सात महिने कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. एक प्रत इमारतीबाहेर असावी, हे आग आणि पुराच्या हिशोबाने.

एसएसएचने लांबून मशीन चालविताना पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी वापरायला शिकावे. फायरवॉलही बसवावी आणि तिच्यात एक चूक जाणूनबुजून करावी : २२ चा दरवाजा उघडा ठेवण्याआधीच फायरवॉल चालू करावी, म्हणजे आपणच बाहेर अडकतो. येथे व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून आत जाता येते. भाड्याच्या मशीनवर असे झाले तर सुटका इतकी सोपी नसते. जर्नलसीटीएल या हुकुमाने नोंदवही वाचायची सवय लावावी. कोण आत आले, कोणाला नाकारले, कोणती सेवा पडली, सगळे तेथे लिहिलेले असते. आमच्या पाहण्यात असे आले आहे की चांगला कारागीर आधी नोंदवही वाचतो आणि कच्चा कारागीर आधी मशीन बंद-चालू करतो.

विंडोज सर्व्हर शिकायचे असेल तर मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांची चाचणी प्रत अधिकृतपणे देते. तीही व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसते, मात्र तिला चार जीबी मेमरी दिली तर बरे. बाजारात मिळणारी "क्रॅक" केलेली प्रत घेऊ नये, सांभाळायला शिकायचे आणि पहिल्याच दिवशी घरात चोर घ्यायचा, हे गणित आम्हाला पटत नाही.

नोकरीकडे वळणाऱ्यांसाठी रेडहॅट कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा आहे. तिच्यात वस्तुनिष्ठ प्रश्न नसतात. समोर मशीन देतात आणि कामे सांगतात : खाते उघडा, डिस्क वाढवा, विसरलेला रूटचा पासवर्ड बदला. पाठांतराने ती निघत नाही, हाताने निघते. सरावासाठी रेडहॅट एका व्यक्तीला सोळा मशीनांपर्यंत फुकट परवाना देते. अल्मालिनक्स आणि रॉकीलिनक्स हे त्याचेच जुळे आहेत, तेही चालतात. जुन्या पुस्तकांत सेंटओएस असे नाव आढळेल. त्याची ७ वी आवृत्ती जून २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा ती बसवू नये. क्लासला भरमसाट फी भरण्याआधी तीन महिने घरी हा सराव करावा. मग क्लास लागेल की नाही ते स्वतःलाच कळेल.

रोज दीड-दोन तास दिले तर खाती, हक्क, डिस्क, नेटवर्क आणि बॅकअप एवढे तीन-चार महिन्यांत हाती येते. केलेले प्रत्येक काम वहीत लिहावे : तारीख, काय बदलले, का बदलले, परत कसे फिरवायचे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. मोठ्या कंपन्यांत याच वहीला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ती न ठेवणाऱ्याला कोणी उभे करीत नाही.

मोहल्ल्यातील दोन-तीन मुले मिळून शिकत असतील तर आणखी एक युक्ती आहे. आपले मशीन एक्स्पोर्ट करून त्याची एकच ओव्हीए फाइल बनवावी आणि पेनड्राइव्हवर मित्राला द्यावी. मित्राने ती आपल्या लॅपटॉपवर चालवून काहीतरी एक बिघडवावे : एखादा हक्क बदलावा, डिस्क भरून टाकावी, एखादी सेवा बंद करावी, पत्ता चुकवावा. काय बिघडविले ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करावे आणि मशीन परत द्यावे. दुरुस्ती झाली असे वाटले की मगच पाकीट उघडावे.